शेवटच्या मुक्कामाचें घर

‘इस्पितळ’ हा शब्द आपण इतका सरसकट वापरतों कीं, तो मूळचा परका आहे याची कोणास आठवणही होत नाहीं. पोर्तुगीजांच्या तोंडून तो आपल्या किनाऱ्यावर आला आणि मराठीनें त्यास आपल्या वळणावर घालून घेतलें. त्याचें मूळ लॅटिन भाषेंत असून तें मोठें मनोज्ञ आहे. ‘हॉस्पेस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ पाहुणा असा होतो आणि यजमान असाही होतो. दारीं आलेला आणि दार उघडणारा या दोघांस त्या भाषेनें एकच नांव दिलें. याच मुळापासून पुढें युरोपांत दोन शब्द निघाले. एक हॉस्पिटल आणि दुसरा हॉस्पिस. मध्ययुगांत दोहोंच्या अर्थांत फारसें अंतर नव्हतें. यात्रेकरूस, आजाऱ्यास, निराश्रितास आसरा देणारें घर, म्हणजे आपल्याकडील धर्मशाळेसारखें कांहीं, असा तो अर्थ होता. पुढें या दोन भावंडांची वांटणी झाली. थोरला रोग बरा करण्याच्या विद्येमागें लागला, मोठा झाला, श्रीमंत झाला. धाकट्याच्या वांट्यास, ज्यांचा रोग बरा होणार नाहीं, अशीं माणसें आलीं. कर्करोगासारख्या व्याधीनें ज्यांचें आयुष्य आतां महिन्यांवर किंवा आठवड्यांवर येऊन ठेपलें आहे, त्यांची वेदना शमवून त्यांस अखेरपर्यंत माणसासारखें जगूं देणारें घर, असा हॉस्पिस या शब्दाचा आजचा अर्थ आहे.

या घराचा इतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. पण तो वैद्यकाच्या अंगानें नव्हे, कारण तो आमचा अधिकार नाहीं. आम्हांस एकच प्रश्न पुसावयाचा आहे; तो असा कीं, हें घर आजवर कोणाच्या आधारावर उभें राहिलें? रुग्णालयास आधार मिळण्याचें एक स्वाभाविक कारण असतें. तेथून बरा होऊन घरीं गेलेला मनुष्य जन्मभर त्याचे गोडवे गातो. संपन्न असेल तर वडिलांच्या नांवानें तेथें एक खाट ठेवतो. गरीब असेल तर निदान चार जणांस ‘तेथेंच जा’ म्हणून सांगतो. ज्या घराविषयीं आम्ही लिहीत आहों, त्यास बरा झालेला रोगीच नाहीं. त्याचे नातलग कृतज्ञ असतात. परंतु त्यांपैकीं पुष्कळांस त्या दाराची नुसती आठवणही सोसत नाहीं. मग अशा घराची बाजू मांडावयाची कोणीं, आणि त्याचा खर्च चालवावयाचा कोणीं?

या प्रश्नाकडे आमचें लक्ष वेधलें तें ग्रंथांमुळें नव्हे. इ. स. १९८९ मध्यें आम्ही महाविद्यालयांत शिकत असतां आमच्या थोरल्या आत्यास कर्करोग झाला होता. सारें घर तिला माई म्हणे. दादरच्या आमच्या दोन खोल्यांत ती राहावयास आली तेव्हां शस्त्रक्रिया होऊन गेली होती आणि रोग हाडांत उतरला होता. जेथें तिच्यावर उपचार चालले होते तेथील डॉक्टरांनीं एके दिवशीं आमच्या वडिलांस बाजूस घेऊन सांगितलें, ‘आतां कांहीं करण्यासारखें राहिलें नाहीं, घरीं न्या.’ ते गृहस्थ निष्ठुर नव्हते. त्यांना जेवढें ठाऊक होतें तेवढें त्यांनीं खरेपणानें सांगितलें. त्यानंतर माई अकरा आठवडे जगली. छातीवरील जखमेस घाण येई म्हणून आई खोलींत उदबत्त्या लावी, आणि समाचारास येणाऱ्या शेजारणींस दारांतच थांबवी. रात्रीं माई पदराचा बोळा तोंडांत धरून कण्हे. हेतु हा कीं, परीक्षा तोंडावर आलेल्या आमची झोंप मोडूं नये. आम्ही जागे असूं. पण उठून तिच्याजवळ बसावें एवढें धैर्य आम्हांस झालें नाहीं. पुढें पुष्कळ वर्षांनीं आम्हांस कळलें कीं, त्या वेळीं आमच्या घरापासून दोन कोसांच्या आंत, वांद्र्याच्या टेकडीवर, अशाच रोग्यांसाठीं एक घर उघडून तीन वर्षें झालीं होतीं, आणि तेथें पैसे पडत नव्हते. आम्हांस तें ठाऊक नव्हतें, आणि तें विचारावें हेंही आम्हांस सुचलें नाहीं. शिकल्यासवरल्या घरांतील हें अज्ञान या लेखाच्या मुळाशीं आहे.

आतां इतिहासाकडे वळूं. केवळ कर्करोग्यांकरितां घर काढण्याचा युरोपांतील एक जुना प्रयत्न फ्रान्स देशांतील रीम्स या शहरीं झाला. इ. स. १७४० मध्यें झां गोदिनो नांवाच्या धर्माधिकाऱ्यानें आपल्या पैशानें तें घर उघडलें. हा रोग स्पर्शानें जडतो असा तेव्हां समज होता. शेजारच्या लोकांस भीति वाटूं लागली, आणि इ. स. १७७९ मध्यें तें घर शहराबाहेर न्यावें लागलें. इंग्लंडांत तेव्हां वर्गणीवर चालणारीं रुग्णालयें निघालीं होतीं. परंतु असाध्य रोग्यास दाखल करूं नये असा त्यांपैकीं अनेकांचा नियमच होता. वर्गणीदारांस दरसाल बरे झालेल्यांची संख्या दाखवावयाची असे. मेलेल्यांची संख्या वाढली तर वर्गणी आटे. या रीतीस एक अपवाद लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयांत घडला. इ. स. १७९२ मध्यें तेथें कर्करोग्यांसाठीं वेगळा विभाग निघाला, आणि रोग्यानें तेथें मुदतीवांचून राहावें, औषधानें सुटेल तर औषधानें, नाहींतर मृत्यूनें सुटेपर्यंत, असें ठरलें. त्यास लागणारें द्रव्य सॅम्युएल व्हिटब्रेड या बिअरच्या मोठ्या कारखानदारानें दिलें. बरें होण्याची अट न घालतां रोग्यास थारा देणारी ही देणगी तिच्या काळाच्या फार पुढें होती.

यानंतरचा अध्याय एका विधवेचा आहे. फ्रान्समधील लियों शहरीं झान गार्निये ही स्त्री तरुणपणींच नवरा आणि दोन्ही मुलें गमावून बसली. इ. स. १८४२ मध्यें तिनें आपल्यासारख्याच विधवांचें एक मंडळ स्थापन केलें. चिघळलेल्या जखमांमुळें ज्या असाध्य रोगी स्त्रियांस कोणी जवळ करीत नसे, त्यांची सेवा करणें हें त्या मंडळाचें काम. मंडळाची घडण लक्षांत घेण्याजोगी आहे. त्या विधवा जोगिणी झाल्या नाहींत. त्यांनीं व्रतें घेतलीं नाहींत. कांहीं जणी त्या घरांतच राहत. कांहीं आपापल्या घरून येऊन जखमा धूत आणि पट्ट्या बांधीत. ज्यांस तेंही शक्य नसे त्या वर्गणी देत व गोळा करीत. हात, वेळ आणि पैसा यांपैकीं ज्याच्याजवळ जें असेल तें त्यानें द्यावें, ही वांटणी त्यांनीं पावणेदोनशें वर्षांपूर्वीं करून ठेवली. गार्निये स्वतः इ. स. १८५३ मध्यें वारली; परंतु इ. स. १८७४ मध्यें तिच्याच पद्धतीचें घर पॅरिस येथें उघडलें.

आयर्लंडांत हेंच काम जोगिणींनीं हातीं घेतलें. मेरी ऐकनहेड या स्त्रीनें गरिबांच्या सेवेसाठीं स्थापन केलेल्या पंथानें, ज्या मठांत ती इ. स. १८५८ मध्यें निवर्तली, त्याच मठांत इ. स. १८७९ मध्यें मरणोन्मुखांसाठीं घर उघडलें. डब्लिन शहरच्या हॅरल्ड्स क्रॉस भागांतील हें घर होय. त्याच पंथाच्या भगिनींनीं इ. स. १९०५ मध्यें लंडनच्या हॅक्नी या गरीब वस्तींत सेंट जोसेफ हॉस्पिस काढलें. अमेरिकेंत नॅथॅनियल हॉथॉर्न या विख्यात कादंबरीकाराची मुलगी रोझ हिनें इ. स. १८९६ मध्यें न्यूयॉर्कच्या दरिद्री वस्तींत खोल्या भाड्यानें घेतल्या आणि ज्यांस कोठेंही थारा नव्हता अशा गरीब कर्करोग्यांस आपल्याजवळ ठेवून घेतलें. तिच्या संस्थेचा नियम कडक होता: रोग्याकडून पैसा घ्यावयाचा नाहीं, त्याच्या नातलगांकडून घ्यावयाचा नाहीं, आणि सरकारकडूनही घ्यावयाचा नाहीं. वृत्तपत्रांतून लोकांस विनंती करावी, आणि जें येईल त्यावर घर चालवावें. तें काम आजही चालू आहे.

येथवरच्या इतिहासांत दयेची उणीव नाहीं. उणीव आहे ती ज्ञानाची. या घरांत स्वच्छ अंथरूण मिळे, पोटभर अन्न मिळे, कपाळावर हात ठेवणारें माणूस मिळे. परंतु हाडांत शिरलेल्या रोगाची वेदना अंथरुणानें थांबत नाहीं. आणि नवल हें कीं, वेदनेवरचें औषध मनुष्यजातीस हजारों वर्षें ठाऊक होतें. अफूचा गुण आमच्या आजीबाईच्या बटव्यासही ठाऊक होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं सर्ट्युर्नर नांवाच्या जर्मन औषधविक्याच्या उमेदवारानें अफूचें सत्त्व वेगळें काढलें, आणि निद्रेच्या राज्यांतील ग्रीक देवतेवरून त्यास मॉर्फिन हें नांव मिळालें. असें असतां रोगी कण्हत राहिले, याचें कारण भीति. एकदां सवय लागली कीं औषधाची मात्रा वाढत जाईल, आणि खरी गरज पडेल तेव्हां तें लागू पडणार नाहीं, अशी डॉक्टरांची समजूत होती. म्हणून वेदना असह्य होऊन रोगी ओरडूं लागल्यावांचून औषध द्यावयाचें नाहीं अशी वहिवाट पडली. रोग्यानें आधीं ओरडून आपली पात्रता सिद्ध करावी आणि मग औषध मिळवावें, असा हा न्याय होता.

हा न्याय मोडण्याचा मान मुख्यतः सिसिली साँडर्स या इंग्रज स्त्रीकडे जातो. तिचा जन्म इ. स. १९१८ चा. महायुद्धाच्या काळांत ती परिचारिका झाली. पाठीच्या दुखण्यामुळें तें काम सोडावें लागलें, तेव्हां रुग्णालयांतच रोग्यांच्या घरच्या अडचणी पाहण्याचें काम तिनें पत्करलें. तेथें तिची गांठ डेव्हिड टास्मा या रोग्याशीं पडली. तो वॉर्सा शहरचा ज्यू निर्वासित. वय चाळिशीच्या आसपास, देश सुटलेला, जवळचें म्हणावें असें कोणी नाहीं, आणि कर्करोग असाध्य झालेला. हीं दोघें बोलत बसत. अशा माणसांसाठीं एखादें घर असावें, जेथें वेदनेवर इलाज होईल आणि ज्यास आपलें आयुष्य फुकट गेलें असें वाटतें त्याचें बोलणें कोणी ऐकून घेईल, अशी कल्पना त्या बोलण्यांतून निघाली. इ. स. १९४८ च्या फेब्रुवारींत टास्मा वारला. जातांना त्यानें तिच्या नांवें पांचशें पौंड ठेवले, आणि तुझ्या त्या घरांत मी एक खिडकी होईन असें तिला सांगितलें.

पांचशें पौंडांत घर होत नाहीं. परंतु वाचकांनीं या देणगीचें मोल नीट पाहावें. या घराला बरा झालेला रोगी नाहीं असें आम्हीं वर म्हटलें. येथें बरा न झालेला रोगीच पहिला देणगीदार झाला, आणि तोही असें घर अस्तित्वांत येण्यापूर्वीं! साँडर्सबाई सेंट ल्यूक्स या मरणोन्मुखांच्या घरीं विनावेतन काम करूं लागल्या. तेथें औषध ओरडण्याची वाट न पाहतां ठराविक वेळेस दिलें जातें हें त्यांनीं पाहिलें. मरणाऱ्या रोग्याजवळ डॉक्टर थांबत नाहींत, तेव्हां कांहीं करावयाचें असेल तर तूंच डॉक्टर हो, असा सल्ला एका शस्त्रवैद्यानें त्यांस दिला. तेहतिसाव्या वर्षीं त्या पुन्हां विद्यार्थिनी झाल्या आणि इ. स. १९५७ मध्यें डॉक्टर झाल्या. पुढील वर्षापासून हॅक्नीच्या सेंट जोसेफमध्यें त्यांनीं शेंकडों रोग्यांची टिपणें ठेवलीं, आणि दाखवून दिलें कीं, मॉर्फिन तोंडानें, घड्याळाच्या कांट्यावर, वेदना डोकें वर काढण्यापूर्वींच दिलें, तर रोगी गुंगींत पडून राहत नाहीं, त्यास व्यसन लागत नाहीं, आणि मात्राही सारखी वाढवावी लागत नाहीं. शेवटीं इ. स. १९६७ च्या जुलै महिन्यांत लंडनच्या सिडनम भागांत त्यांचें सेंट क्रिस्टोफर हॉस्पिस उघडलें. सेंट क्रिस्टोफर हा प्रवाशांचा रक्षक संत. एका खिडकीभोंवतीं घर बांधावयास एकोणीस वर्षें लागलीं, असें त्या म्हणत. ती खिडकी तेथें आहे. साँडर्सबाई स्वतः इ. स. २००५ मध्यें कर्करोगानेंच, त्याच घरांत, निवर्तल्या.

त्यांनीं शिकविलेली गोष्ट सांगावयास सोपी आणि आचरावयास कठीण आहे. मरणाऱ्या माणसाची वेदना एकाच जागीं नसते. हाड दुखतें तें एक. मुलीचें लग्न राहिलें आहे तें दुसरें. भावाशीं वीस वर्षें अबोला आहे तें तिसरें. आणि हें माझ्याच वांट्यास कां आलें, हें चौथें. या सर्वांस मिळून त्यांनीं समग्र वेदना असें म्हटलें. म्हणून अशा घरांत डॉक्टर आणि परिचारिका तर हव्यातच, पण पत्र लिहून देणारा, भांडण मिटविणारा, भजन म्हणणारा आणि नुसता जवळ बसणाराही हवा. शेवटच्या तिघांस पदवी लागत नाहीं.

ही विद्या पुढें वेगानें पसरली. इ. स. १९७५ मध्यें डॉ. बॅल्फर माउंट यांनीं कॅनडांत माँट्रियल येथील रुग्णालयांत असा विभाग काढला. फ्रेंच बोलणाऱ्या त्या शहरांत हॉस्पिस म्हणजे अनाथ दरिद्र्यांचा आश्रम असा अर्थ होई, म्हणून त्यांनीं ‘पॅलिएटिव्ह केअर’ हें नवें नांव घातलें. मराठींत आतां त्यास उपशामक सेवा म्हणतात. इ. स. १९८६ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें कर्करोगाच्या वेदनेवरील औषधांची तीन पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध केली. ती इतकी सोपी आहे कीं, खेड्यांतील डॉक्टरासही ती पाळतां यावी.

येथें आमच्या मूळ प्रश्नास एक नवें वळण मिळतें. अमेरिकेंत इ. स. १९८२ मध्यें कायदा झाला, आणि ज्याचें आयुष्य सहा महिन्यांहून अधिक नाहीं असा डॉक्टरांचा दाखला असेल, अशा वृद्ध रोग्याच्या हॉस्पिसचा खर्च सरकार देऊं लागलें. लाखों घरांस त्याचा आधार झाला हें निर्विवाद आहे. परंतु जेथें खात्रीचा पैसा तेथें व्यापारी येणारच. आज तेथील बहुसंख्य हॉस्पिस नफ्यासाठीं चालविलेलीं आहेत. इंग्लंडांत याच्या उलट स्थिति आहे. मोठ्या माणसांसाठीं असलेल्या तेथील हॉस्पिसांचा सुमारें एकतृतीयांश खर्च सरकार सोसतें. उरलेला मृत्युपत्रांतील देणग्या, वर्गण्या आणि जुन्या कपड्यांची व पुस्तकांची दुकानें यांतून उभा करावा लागतो. तीं घरें नेहमींच ओढगस्तींत असतात. पण ज्या गांवांत तीं आहेत त्या गांवास तीं आपलीं वाटतात. सरकारनें देऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. सरकारनें दिलेंच पाहिजे. परंतु केवळ सरकारच्या पैशावर सोडलेलें घर दुकान होऊं शकतें, आणि केवळ लोकांच्या दयेवर सोडलेलें घर उपाशी राहूं शकतें, असा या दोन देशांचा अनुभव आहे.

आतां आपल्या देशाकडे येऊं. मरणाचा विचार करण्यास आपण कोणास हार जाणारे नव्हों. सहज मरण यावें आणि जिवंत असेपर्यंत लाचारी नसावी, हें मागणें आपल्या वाडवडिलांनीं रोजच्या प्रार्थनेंत घातलें आहे. शेवटचे दिवस काशींत घालविण्यास जाणाऱ्यांसाठीं तेथें घरें आहेत. महाराष्ट्रांत गाडगे महाराजांनीं पंढरपूर, नाशिक, आळंदी येथें धर्मशाळा बांधल्या. आणि दादर येथील त्यांच्या नांवाच्या धर्मशाळेंत आज मुंबईस उपचारासाठीं आलेले परगांवचे कर्करोगी व त्यांचे नातलग उतरतात. यात्रेकरूची धर्मशाळा आजाऱ्याची धर्मशाळा झाली. युरोपांत जें शब्दाच्या इतिहासांत घडलें, तें आमच्याकडे डोळ्यांदेखत घडलें.

कर्करोगावरील उपचारासाठीं परळचें टाटा स्मारक रुग्णालय इ. स. १९४१ च्या फेब्रुवारींत उघडलें. लेडी मेहेरबाई टाटा इ. स. १९३१ मध्यें रक्ताच्या कर्करोगानें वारल्या, त्या दुःखांतून त्या कार्याची प्रेरणा मिळाली. याच रुग्णालयांतील शस्त्रवैद्य डॉ. लुईस डिसोझा यांनीं इ. स. १९८६ मध्यें वांद्र्यास माउंट मेरीच्या टेकडीवर, समुद्राजवळ, शांति अवेदना या नांवाचें घर काढलें. देशांतील पहिलें हॉस्पिस तें हेंच. अवेदना म्हणजे वेदना नसणें. नांवांतच सारें प्रयोजन आलें. रोग्याची जात, धर्म किंवा ऐपत न पाहतां तेथें विनामूल्य सेवा होते. पुढें याच संस्थेचीं घरें गोव्यांत आणि दिल्लींत निघालीं. पुण्यास वारजे येथें सिप्ला या औषध कंपनीच्या साहाय्यानें इ. स. १९९७ मध्यें असेंच केंद्र सुरू झालें. तेथेंही रोग्यास खर्च पडत नाहीं, आणि रोग्याचे नातलग घरीं सेवा कशी करावी हें शिकून जातात.

परंतु इ. स. १९८५ मध्यें आपल्याकडे अमली पदार्थांविषयींचा एक कडक कायदा झाला होता. हेतु चांगला होता. पण त्यामुळें मॉर्फिन जवळ ठेवण्यास इतके निरनिराळे परवाने लागूं लागले आणि चुकीस इतकी जबर शिक्षा ठरली कीं, औषधविक्यांनीं आणि रुग्णालयांनीं तें ठेवण्याचेंच सोडून दिलें. ज्या देशांत मध्यप्रदेश, राजस्थान आणि उत्तरप्रदेश येथें सरकारी परवान्यानें अफू पिकते, आणि जगाच्या औषधांसाठीं बाहेर जाते, त्या देशांतील रोगी त्याच अफूच्या सत्त्वावांचून तळमळत राहिला. डॉ. राजगोपाल व त्यांचे सहकारी यांनीं वर्षानुवर्षें सरकारदरबारीं आणि न्यायालयांत खटपट केली, तेव्हां इ. स. २०१४ मध्यें तो कायदा दुरुस्त होऊन परवान्यांचें जंजाळ कमी झालें. कायदा बदलला, भीति अद्याप सर्वत्र गेलेली नाहीं. माईच्या अकरा आठवड्यांचें कारण आम्हांस येथें अंशतः सांपडतें.

याच डॉ. राजगोपाल यांनीं डॉ. सुरेशकुमार यांच्यासह इ. स. १९९३ मध्यें केरळांत कालिकत येथें वेदनाशमनासाठीं एक लहानशी संस्था काढली होती. तिच्यांतून जें निघालें तें आमच्या प्रश्नाचें सर्वांत समाधानकारक उत्तर होय. रोग्यास घरांत आणण्यापेक्षां आपणच त्याच्या घरीं जावें असें त्यांनीं ठरविलें. प्रत्येक गांवांत शिक्षक, दुकानदार, रिक्षावाले, गृहिणी, विद्यार्थी यांस थोडें शिक्षण देऊन शेजारच्या असाध्य रोग्याची जबाबदारी त्यांच्यावर सोंपविली. डॉक्टर व परिचारिका फेरीनें येत. पण रोजची चौकशी, तांदूळ, मुलाची फी, यांची काळजी शेजारी घेत. खर्चासाठीं एका मोठ्या दात्याकडे न जातां घरोघरच्या लहान लहान रकमा गोळा केल्या. हें शेजाऱ्यांचें जाळें मलप्पुरम वगैरे जिल्ह्यांत इतकें दाट झालें कीं, इ. स. २००८ मध्यें केरळ सरकारनें उपशामक सेवेचें स्वतंत्र धोरण आंखून तें काम ग्रामपंचायतींच्या कक्षेंत आणलें. लोक आधीं आले, सरकार मागून आलें. म्हणून तें टिकलें. चार वर्षांनीं केंद्र सरकारनेंही राष्ट्रीय योजना जाहीर केली. परंतु योजनेस पाय फुटतात ते गांवांतच.

आमच्या वर्गांतील कुटुंबांकडून या कामाविरुद्ध दोन आक्षेप नेहमीं ऐकूं येतात. पहिला असा कीं, आईबापांस शेवटच्या दिवसांत दुसऱ्याच्या घरीं ठेवणें ही आपली रीत नव्हे. रीत नसेल, पण त्यांस आपल्या घरीं तळमळत ठेवणें ही तरी कोणती रीत? शिवाय हॉस्पिस कुटुंबाची जागा घेत नाहीं. वेदना आटोक्यांत आली कीं रोग्यास घरीं पाठविणें, आणि थकलेल्या सुनेस किंवा मुलास चार दिवस विसांवा देणें, हेंही त्याचें काम आहे. दुसरा आक्षेप हिशेबी आहे. जे वाचणार नाहींत त्यांच्यावर खर्च करण्यापेक्षां जीं मुलें वाचूं शकतात त्यांच्यावर तो करावा, असें म्हणणारे शहाणे लोक असतात. या आक्षेपांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. पैसा तोकडा आहे हें खरेंच. परंतु मॉर्फिनच्या गोळ्या हें महागडें औषध नव्हे. शेवटच्या महिन्यांत व्यर्थ उपचारांवर घरें कर्जबाजारी होतात. वेळीं खरें सांगणारा आणि वेदना शमविणारा कोणी भेटला तर मागें राहिलेल्या मुलांच्याच शिक्षणाचा पैसा वांचतो.

तेव्हां मागणें थोडें आहे. आपल्या शहरीं असें घर किंवा घरीं येणारें पथक आहे कीं नाहीं, हें गरज पडण्यापूर्वीं विचारून ठेवावें, आणि चार घरीं सांगावें. आपल्या डॉक्टरास, तुम्ही मॉर्फिन देतां काय, हें निःसंकोचपणें विचारावें. वर्षांतून एकदां मोठी रक्कम देण्यापेक्षां दरमहा थोडी, पण न चुकतां, द्यावी. कारण अशा घराचा खर्च रोजचा असतो. आणि ज्यास पैसा देणें शक्य नाहीं त्यानें वेळ द्यावा. लियोंच्या विधवांनीं घालून दिलेली वांटणी अजून जुनी झालेली नाहीं.

गेलीं कांहीं वर्षें आम्ही महिन्यांतून दोन रविवारीं अशाच एका घरीं वृत्तपत्र वाचून दाखवावयास जातों. आरंभीं पाय जड होत. माईच्या खोलींतील उदबत्तीचा वास आठवे. तेथें सातारा जिल्ह्यांतील एक वृद्ध शेतकरी होते. जिभेच्या कर्करोगामुळें त्यांचें बोलणें कष्टानेंच कळे. पहिल्या दिवशीं आम्ही त्यांच्या खाटेपाशीं जाऊन उभे राहिलों, आणि काय बोलावें हें न सुचून वृत्तपत्राची घडी उलगडीत बसलों. त्यांनीं हात वर करून आम्हांस थांबविलें, उशाजवळची खुर्ची दाखविली, आणि परिचारिकेकडे वळून म्हणाले, ‘सिस्टर, पाव्हण्यास्नी च्या द्या की.’ चहा आला. तो पिऊन झाल्यावर त्यांनीं वाचावयास खूण केली.